बापगावचं नाव किती जुनं?

कल्याणहून गांधारी पूल ओलांडून पडघ्याच्या रस्त्याला लागलं की बापगाव येतं. हे नाव किती जुनं असेल? जवळच्या चौधरपाड्यातल्या शिलालेखात ते कोरलेलं आहे: ‘बापग्राम’. लेख शके 1161 चा, म्हणजे पावणेआठशे वर्षांहून जुना. ज्ञानेश्वर तेव्हा जन्मलेही नव्हते. देवगिरीला यादव होते आणि उत्तर कोकणात शिलाहार. त्यांच्यातल्या केशिदेव राजानं महाशिवरात्रीला शोंपेश्वर महादेवाच्या निमित्तानं कवी सोमण याला ब्रह्मपुरी नावाचं गाव दिलं आणि बापग्रामातली एक वाडी देवाच्या पूजकांना. पुढं पंचवीस-तीस वर्षांत शिलाहारांचं राज्य बुडालं. ‘ग्राम’चं ‘गाव’ झालं, ‘बाप’ मात्र जिथल्या तिथे राहिला!

असल्या दानाची राखण कोण करणार? शिलाहारांच्या काळात ते काम गधेगाळ करायचा. शेताच्या कडेला उभी केलेली दगडी शिळा. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर दान अबाधित. मधे नागरी अक्षरांतला लेख. आणि तळाशी गाढव व स्त्री: दान मोडणाऱ्याच्या घरच्या बाईला दिलेली अभद्र शिवी. ज्याला अक्षर कळत नाही त्यालाही चित्र कळावं, हा हिशोब. गुन्हा पुरुषाचा आणि शिवी बाईला, हे मात्र आज वाचताना टोचतं.

चौधरपाड्यालगतच्या लोनाडचा इतिहास तर त्या शिलालेखाहून मागे जातो. तिथं शिलाहारकालीन शिवमंदिराचे अवशेष आहेत, आणि डोंगरात त्याहून कितीतरी जुनं बौद्ध लेणं. गावकऱ्यांसाठी ती खांडेश्वरी देवीची जागा. भिंतीवरच्या शिल्पपटात राजा परिवारासह बसलेला दिसतो. ज्या काळ्या कातळात हे कोरलं, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. खाली पावसाळ्यात भाताची खाचरं भरतात, त्यांची मातीही याच कातळाची झीज. लेणं, शिळा आणि भात, सगळं एकाच दगडातून आलेलं.

आता जवळच आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन टेकला आहे. गोदामं वाढताहेत, जेसीबी रोज माती उलटताहेत. खोदताना सूर्य-चंद्र कोरलेली शिळा वर आली, तर ती हलवू नका, शेंदूर फासू नका. तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. दगड जागचा हलला की कुठल्या शेताची ती सनद होती, हे कळायचा मोठा पुरावा जातो.