अजिंठ्यावरची पुस्तकं ग्रंथालयात कुठे शोधायची?

समजा, तुम्ही रसायनशास्त्राचे विद्यार्थी आहात आणि अजिंठ्याच्या रंगांवर काम करायचंय. विद्यापीठाच्या ग्रंथालयात सगळी पुस्तकं एका कपाटात मिळतील असं धरून चालू नका. ड्युई वर्गीकरणात भारतीय कलेचा इतिहास 709.54 ला, भारतीय चित्रकला 759.954 ला, धार्मिक वास्तू 726 ला, तर प्राचीन भारताचा इतिहास 934 ला असतो. एकाच लेण्यावरची पुस्तकं अशी विखुरतात.

मग करायचं काय? कॅटलॉगमध्ये उपयोगी वाटणारं एक पुस्तक शोधा. त्याच्या नोंदीत दिलेल्या विषयशीर्षकांवर क्लिक करा. वेगवेगळ्या कपाटांतली पुस्तकं एका यादीत येतात. स्पेलिंगही बदलून बघा: जुन्या इंग्रजी लिखाणात ‘अजंता’मधल्या मधल्या ‘ए’च्या जागी ‘यू’ सापडतो.

मोठ्या आकाराचे ग्रंथ बऱ्याचदा वेगळे किंवा संदर्भ विभागात ठेवतात. ग्रिफिथ्स यांचे 1896-97 चे दोन खंड किंवा याझदानींचे चार भाग कपाटात दिसले नाहीत, तर काउंटरवर विचारा.

एवढा खटाटोप कशाला? 1920 च्या दशकात इटालियन तज्ज्ञांनी या चित्रांवर लाखेचा थर दिला. ग्रिफिथ्स यांची चित्रं त्याआधीची. उद्या तुमच्या नमुन्यात सेंद्रिय पदार्थ सापडला, तर तो मूळ रंगातला की नंतर चढवलेला? हा प्रश्न पडायलासुद्धा जतनाचा इतिहास वाचलेला लागतो. तो वाचायच्या आधी नमुन्याबद्दल निष्कर्ष लिहू नका.