वाचता वाचता उजळणारे शब्द

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागात खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. यातल्या कितीतरी मुलांच्या घरात अहिराणी बोलली जाते, गल्लीत हिंदी आणि दुकानाच्या पाट्यांवर गुजराती. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते, त्यामुळे पुस्तकातली मराठी हीसुद्धा त्यांच्या वाट्याला येते. पडद्यावरच्या गोष्टींचा इतिहास या मुलांच्या बाजूने वाचला, तर त्यातलं टिकाऊ काय ते चटकन कळतं.

1992 मध्ये अमेरिकेतल्या ब्रॉडरबंड कंपनीने मर्सर मेयर यांचं ‘जस्ट ग्रँडमा अँड मी’ हे चित्रपुस्तक सीडी-रॉमवर आणलं. आजी आणि नातू समुद्रावर जातात, एवढीच गोष्ट. चित्रात कुठेही क्लिक केलं की काहीतरी गंमत घडे आणि मुलं त्यातच रमत. पण मला मोलाच्या वाटतात त्या दोन वेगळ्याच सोयी. गोष्ट ऐकू येत असताना तेच शब्द पानावर उजळत आणि इंग्रजी, स्पॅनिश, जपानी यांतली भाषा निवडता येई.

2010 मध्ये आयपॅड आला आणि गंमतींना ऊत आला. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’च्या आयपॅड आवृत्तीत तर पडदा हलवला की चित्रातल्या वस्तू घरंगळत. पुढे 2015 मध्ये टाकाक्स, स्वार्ट आणि बुस या संशोधकांनी 43 अभ्यास एकत्र तपासले. गोष्टीला धरून येणाऱ्या हालचाली आणि आवाज यांनी मुलांचं आकलन वाढत होतं. खेळ आणि क्लिकच्या गंमती मात्र लक्ष गोष्टीवरून उडवत होत्या, आणि त्याचा फटका वंचित घरांतल्या मुलांना जास्त बसत होता. घरी पुस्तकं नसलेल्या मुलाच्या हाती महागडं गंमतघर देण्यापेक्षा साधी, ऐकू येणारी गोष्ट द्यावी, असं मला म्हणूनच ठामपणे वाटतं.

उजळणाऱ्या शब्दांचा एक धागा गुजरातेतही आहे. साक्षरतेवर काम करणारे ब्रिज कोठारी यांच्या पुढाकाराने 1999 मध्ये अहमदाबाद दूरदर्शनच्या ‘चित्रगीत’ कार्यक्रमात गुजराती गाण्यांचे शब्द गुजराती लिपीतच पडद्यावर येऊ लागले. गाणं पुढे सरके तसा शब्दांचा रंग बदले. कान आणि डोळा एकाच वेळी एकाच शब्दावर, ही सीडी-रॉमवाल्यांचीच युक्ती. फक्त इथे संगणक नको, घरातला टीव्ही पुरे. त्याच कल्पनेवर कोठारींनी 2004 मध्ये मुलांसाठी ‘बुकबॉक्स’च्या चलत्‌-गोष्टी सुरू केल्या.

मोबाइल हाती आल्यावर गूगलने 2019 मध्ये ‘बोलो’ हे वाचनाचं अ‍ॅप हिंदीसाठी आणलं. 2020 मध्ये ते ‘रीड अलाँग’ या नावाने आलं, तेव्हा त्यात मराठीही होती. मूल मोठ्याने वाचतं, अ‍ॅपमधली दिया ऐकते, अडलेला शब्द उच्चारून दाखवते. गोष्टी आधी उतरवून घेतल्या की इंटरनेटही लागत नाही. कामावर गेलेल्या आईबापांच्या घरी ही केवढी सोय! तरी मुलाने एखादा शब्द खानदेशी वळणाने उच्चारला, तर ती चूक नव्हे, त्याची बोली आहे, हे सांगायला जवळ माणूस हवंच.

याहून मोकळी वाट प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळाने 8 सप्टेंबर 2015 रोजी खुली केली. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत: मूळ लेखक आणि चित्रकाराचं श्रेय दिलं की कोणीही त्यांचा अनुवाद करावा, त्या छापाव्यात, त्यांचं ध्वनिमुद्रण करावं. उधन्यातल्या एखाद्या शिक्षिकेने मराठी गोष्ट निवडावी, पालकसभेला आलेल्या आज्यांकडून ती अहिराणीत सांगून घ्यावी, मोबाइलवर टिपावी आणि लिहून काढावी. वर्गात मग दोन्ही रूपं शेजारी ठेवता येतील. हे करायला कुणाचीही वेगळी परवानगी लागत नाही.