पूरविमा आणि इमारतीचा पुनर्बांधणी खर्च : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना
सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यातील परंडा व भूम तालुक्यांतील गावांत पुराचे पाणी शिरले आणि लोकांच्या सुटकेसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला पाचारण करावे लागले. अशा प्रसंगी पीकविम्याची चर्चा होते; इमारतींच्या विम्याची क्वचितच होते. इमारतीची विमा रक्कम कशी ठरते व तिचा हप्त्यावर कोणता परिणाम होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पुनर्बांधणी खर्चाची संकल्पना
तशीच इमारत आजच्या दराने नव्याने उभारण्यास येणारा खर्च म्हणजे पुनर्बांधणी खर्च होय. त्यात जागेची किंमत धरली जात नाही. शहरातील मोक्याच्या ठिकाणी बाजारभाव या खर्चाहून बराच अधिक असतो. याउलट, खेड्यातील जुन्या इमारतीला मिळणारी किंमत अनेकदा बांधकामखर्चाहून कमी असते. विक्रीची किंमत हीच विमा रक्कम मानल्यास ग्रामीण मालकाचे संरक्षण अपुरे राहते.

हप्त्याचे गणित
विमा रकमेला दराने गुणले असता हप्ता मिळतो. त्यामुळे पुनर्बांधणी खर्च वाढला की हप्ताही त्याच प्रमाणात वाढतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमात ऑक्टोबर २०२१ पासून खुद्द दर ठरवितानाही हा खर्च विचारात घेतला जातो.

उदाहरणादाखल, ८०० चौरस फुटांच्या दुकानाचा बांधकामखर्च प्रति चौरस फूट २,००० रुपये व दर हजारी ३० पैसे मानू. १६ लाखांच्या विम्याचा हप्ता ४८० रुपये होईल. ८ लाखांचा विमा घेतल्यास २४० रुपये वाचतील. मात्र पुरात ४ लाखांची हानी झाल्यास, निम्माच विमा असल्याने, प्रमाणशीर कपातीच्या नियमानुसार भरपाई २ लाखच मिळेल.

भारतीय तरतुदी
१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पुराचा समावेश आहे. तीत चटई क्षेत्राला बांधकामदराने गुणून घराची विमा रक्कम काढतात व प्रमाणशीर कपात माफ असते. तरीही भरपाई विमा रकमेच्या मर्यादेतच मिळते. लहान व्यवसायांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत ही माफी १५ टक्क्यांपर्यंतच्या तुटीपुरती आहे.

निष्कर्ष
अल्प रकमेच्या विम्यातील बचत ही वास्तविक बचत नसून, जोखमीचा मोठा वाटा स्वतःकडे ठेवणे होय. म्हणून प्रत्येक नूतनीकरणापूर्वी स्थानिक बांधकामदर तपासून विमा रक्कम निश्चित करणे हितावह ठरते.