पोरगं घरात सांगतं तेव्हा

माणदेशात डोक्यावर यल्लमा देवीचा जग घेतलेला, साडी नेसलेला जोगता दारात उभा राहिला की परडीत मूठभर जोंधळे पडतात. म्हाताऱ्या बायका पायाही पडतात. तोच साडीचा हट्ट पोटच्या पोरानं धरला तर मात्र घराचं धाबं दणाणतं. मग देवऋषी, अंगारा, नाहीतर घाईनं उरकलेलं लग्न.

आधी घडतं काय ते पाहू. बाळाचं शरीर पाहून सुईण किंवा डॉक्टर मुलगा की मुलगी ते सांगतात. आपण कोण, ही जाण मात्र आतून येते; तीन-चार वर्षांच्या वयात ती दिसू लागते. बहुतेकांचं दोन्ही जुळतं. काहींचं जुळत नाही; तेच पारलिंगी. वयात येताना आवाज फुटणं, पाळी येणं त्यांतल्या अनेकांना असह्य होतं. कोणाची ओढ वाटते, हा निराळा प्रश्न. देवाला सोडलेला जोगता होणं, हीसुद्धा निराळीच गोष्ट. सर्वांत दुर्लक्षित राहतो तो मुलगी म्हणून वाढवलेला पारलिंगी पुरुष. केस कापले, पँट घातली तोवर घर कौतुक करतं, आणि अठरावं सरलं की स्थळं बघतं.

असं न जुळणं हा मनाचा रोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या वर्गीकरणात ते मानसिक विकारांतून वगळलं. 'पोराला सरळ करून देतो' असल्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवलं.

मग घरानं काय करावं? ऐकून घ्यावं, मध्येच रडारड न करता. कोणत्या नावानं हाक मारू, हे विचारावं. कुणाला सांगायचं ते त्यालाच ठरवू द्यावं. म्हसवडासारख्या गावात बातमी एसटी स्टँडवर पोचायला संध्याकाळ लागत नाही. शाळा सुटू देऊ नये. लग्नाची बोलणी तर थांबवावीतच, त्यात दुसऱ्याच्या लेकराचाही जन्म अडकतो. शस्त्रक्रिया प्रत्येकाला हवीच असते असं नाही. संप्रेरकांचे उपचार तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावेत; चोरून, कुठल्याशा खोलीत करून घेतलेली कापाकापी जिवावर बेतते.

कागदाचं असं आहे. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. त्यांच्या हक्कांसाठी २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम आले. त्यांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या ओळखपत्रासाठी स्वतःचं शपथपत्र लागे, वैद्यकीय तपासणी नाही. अर्ज ऑनलाइन, म्हणजे साताऱ्याचे हेलपाटे कमी. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी समाजकल्याण कार्यालयात सध्याची पद्धत विचारावी.

गाव काय म्हणेल, ही धास्ती खरी असते. पण शेजारच्या माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं २०१७ मध्ये तृतीयपंथी ज्ञानेश्वर कांबळे यांना थेट सरपंच केलं. जळगावच्या भादली बुद्रुकमध्ये तृतीयपंथी अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेवरचा अर्ज नाकारला गेला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परवानगी दिली आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडूनही आल्या. माझ्या मते गाव लोकांना वाटतं तेवढं आडमुठं नसतं. अडतं ते उंबऱ्याच्या आत.

पोर गप्प गप्प राहू लागलं, जेवण तुटलं, मरणाची भाषा करू लागलं, तर थांबू नका. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, आणि तिथं मराठीत बोलता येतं. आईबापांनीही फोन करावा.