गॅलरीतली भाषा आणि तासातली भाषा

महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय एप्रिल २०२५मध्ये निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. त्या गदारोळात एक वाक्य सारखं कानावर पडत होतं: लहान मुलं भाषा पटकन उचलतात. खरं आहे. पण कुठे उचलतात?

लालबाग-परळच्या चाळींत उचलायची. गिरण्यांमुळे कोकणातले, घाटावरचे, उत्तरेकडचे, तेलुगू पद्मशाली विणकर असे सगळे इथे आले. एखाद्या पोराच्या घरात मालवणी, शेजारच्या खोलीत सातारी बोली, नाक्यावर मुंबईची हिंदी आणि शाळेत पुस्तकी मराठी. शिकवायला कुणी बसलं नव्हतं. पण बोलल्याशिवाय गॅलरीतल्या क्रिकेटमध्ये बॅटिंग मिळत नव्हती!

बाळाचा कान तर त्याआधीच कामाला लागलेला असतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवलं की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळंही हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखतात. वर्षाची होईतो ती क्षमता बरीच ओसरते. पॅट्रिशिया कूल यांनी २००३मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवली. समोर माणूस होता तेव्हा बाळं तिचे ध्वनी शिकली, पडद्यावरून काही शिकली नाहीत. मोबाइलवर बालगीतं लावून निर्धास्त होणाऱ्यांनी हे वाचावं.

पुढे मूल ‘मी करलं’ म्हणतं. मोठ्यांच्या तोंडून ते सहसा ऐकलेलं नसतं. ‘बसलं’, ‘पडलं’वरून त्याने स्वतःच नियम काढलेला असतो. टोकून फारसा उपयोग होत नाही. ‘केलं’ कानावर पडत राहिलं की ते आपसूक सुधारतं.

प्रौढांचं गणित वेगळं. दादरच्या बाजारात नव्याने आलेला उत्तर भारतीय विक्रेता मराठीतली घासाघीस लवकर शिकतो. सुरुवातीला प्रौढांचा वेग चांगलाच असतो. अडतं ते ‘ळ’पाशी आणि नपुंसकलिंगापाशी, कारण हिंदीत ते लिंग नाही. त्याचं ‘माझा घर’ वर्षानुवर्षं टिकतं.

वर्गातला हिशेब मात्र उलटा. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटाने आठव्या आणि अकराव्या वर्षी शाळेत इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. तेवढेच तास शिकून उशिरा सुरू केलेली मुलं पुढे होती. लहानांना भाषेचा भरपूर, रोजचा सहवास लागतो. मोठी मुलं नियम समजून घेऊ शकतात. म्हणून पहिलीतल्या मोजक्या तासांवर एवढा भरवसा टाकणं मला भाबडेपणाचं वाटतं. २०२०च्या कायद्याने सर्व शाळांत सक्तीच्या झालेल्या मराठीलाही हेच लागू.

अनेक चाळींच्या जागी आता टॉवर उभे आहेत. मराठी घरांतली मुलंही पोडियमवर हिंदी-इंग्रजीत खेळतात. आजी मराठीत विचारते, नातू इंग्रजीत उत्तर देतो. आजीला ते कळतं, म्हणून त्याचं अडत नाही. मे महिन्यात देवगडला नेलं की चुलत भावंडांत त्याचं अडतं आणि मोडकंतोडकं का होईना, मराठी तोंडून निघू लागतं.