‘मी या घरातलीच ना?’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘तुला तर बोहारणीकडून घेतलंय, दोन जुन्या साड्या देऊन!’ पुण्यातल्या वाड्यात, चाळीत किंवा सोसायटीत वाढलेल्या बहुतेकांनी हे वाक्य लहानपणी ऐकलेलं असतं. कुणाला तुळशीबागेतून आणलेलं असतं, तर कुणी मंडईत सापडलेलं असतं. पाच वर्षांचं मूल रडतं, सगळे हसतात, आजी जवळ घेते आणि विषय तिथेच संपतो.

चौदाव्या वर्षी तेच वाक्य कानावर पडलं की विषय संपत नाही. मुलगी आरशात स्वतःचं नाक न्याहाळते. जुने अल्बम काढून बसते आणि ताईच्या बारशाचे फोटो ढीगभर असताना आपला एकही नाही, हे तिच्या नजरेतून सुटत नाही. शाळेत आरोग्य तपासणी होते, रक्तगट कळतो आणि तो आईचाही नसतो, बाबांचाही नसतो. विचारावं तर आईला वाईट वाटेल, म्हणून प्रश्न मनातच राहतो.

काही घरांत हा प्रश्न निराधार असतो, तर काही घरांत मुलगी खरोखरच दत्तक असते. दोन्हीकडे तिला छळणारे समज मात्र बरेचसे सारखेच असतात. ते एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज : चेहरा घरात कुणाशीच मिळत नाही, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे.

वस्तुस्थिती : मूल निम्मी जनुकं आईकडून घेतं आणि निम्मी वडिलांकडून, पण कोणती निम्मी, हे प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने ठरतं. त्यामुळे आई-वडिलांकडून आलेल्या वारशात सख्ख्या भावंडांचा सामाईक वाटा सरासरी निम्मा असला, तरी प्रत्यक्षात तो साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. उंची, वर्ण, नाकाची ठेवण, केसांचा पोत यांतलं काहीही एकाच जनुकावर अवलंबून नसतं. २०२२ साली ५० लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या उंचीशी संबंध असलेले १२ हजारांहून अधिक जनुकीय फरक सापडले. इतके सारे फरक एकत्र येतात, तेव्हा बुटक्या आई-वडिलांची मुलगी उंच होते आणि काळ्याभोर डोळ्यांच्या जोडप्याला घाऱ्या डोळ्यांची मुलगी होते. ‘ही पणजीवर गेलीय’ असं घरातल्या म्हाताऱ्या म्हणतात त्यात तथ्य असतं. आई-वडिलांमध्ये न दिसलेलं वैशिष्ट्य एक-दोन पिढ्या सोडून पुन्हा वर येऊ शकतं.

गैरसमज : रक्तगट जुळत नाही, म्हणजे ती या आई-वडिलांची मुलगी नाही.

वस्तुस्थिती : मुलींना सर्वांत जास्त घाबरवणारा समज हाच आहे, म्हणून तो नीट उलगडायला हवा. दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा येतो. त्याच सुमारास रक्तगटाचा कागद हातात पडला, तर मुलगी स्वतःच आडाखे बांधू लागते.

आधी साधं गणित पाहू. आईचा रक्तगट एबी आणि वडिलांचा ओ असेल, तर मुलांचा गट ए किंवा बी येतो. म्हणजे या घरात मुलांचा रक्तगट आईशीही जुळत नाही आणि वडिलांशीही नाही, आणि तसंच होणं अपेक्षित असतं. आईचा ए आणि वडिलांचा बी असेल, तर मूल ए, बी, एबी किंवा ओ यांपैकी कुठल्याही गटाचं असू शकतं. दोघंही पॉझिटिव्ह असताना मुलगी निगेटिव्ह होऊ शकते, कारण निगेटिव्ह गुणधर्म दोघांमध्येही सुप्तपणे असू शकतो.

तरीही काही जोड्या पुस्तकाप्रमाणे अशक्य ठरतात. उदाहरणार्थ, पालकांपैकी एकाचा गट एबी आणि मुलीचा ओ. इथे महाराष्ट्रातल्याच एका शोधाची आठवण ठेवायला हवी. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत एक वेगळाच रक्तगट ओळखला आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद केली. जगभर तो आज ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन ‘एच’ नावाच्या प्रतिजनावर उभे राहतात. पायाच नसेल तर मजला चढणार कसा? बॉम्बे गटाच्या व्यक्तीत हा एच तयारच होत नाही. त्यामुळे तिने आई-वडिलांकडून ए किंवा बी घेतलेला असला, तरी नेहमीच्या तपासणीत तिचा गट ओ दिसतो. हा गुणधर्म आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो आणि त्या दोघांमध्ये तो सुप्त असल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या रक्तगटात काहीच वेगळं दिसत नाही.

हा गट फार दुर्मीळ आहे. घाईत केलेल्या तपासणीत किंवा ओळखपत्रावर लिहिताना झालेली चूक त्याहून कितीतरी अधिक संभवते. म्हणून कागदावरचा गट अनपेक्षित वाटला, तर रक्तपेढीत पुन्हा तपासणी करून घ्यावी. त्यामागे वैद्यकीय कारणही आहे. बॉम्बे गटाच्या रुग्णाला साधं ओ गटाचं रक्त दिलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

गैरसमज : मग डीएनए चाचणी करून सोक्षमोक्ष लावलेला बरा.

वस्तुस्थिती : मुलीचं घरातलं स्थान प्रयोगशाळेच्या अहवालावर अवलंबून ठेवणं कायद्यालाही मान्य नाही. वैध विवाहात जन्मलेलं मूल त्या जोडप्याचंच, असं भारतीय पुरावा कायद्याचं कलम ११२ सांगत होतं. आता भारतीय साक्ष्य अधिनियमातही तीच तरतूद आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की पती-पत्नीच्या वादात मुलाची डीएनए चाचणी सरसकट करायला लावता येणार नाही आणि मुलाच्या खासगीपणाचा विचार व्हायलाच हवा.

गैरसमज : असे प्रश्न पडतात, म्हणजे मुलगी कृतघ्न आहे किंवा वाईट संगतीला लागली आहे.

वस्तुस्थिती : ‘मी कोण, कुठली, कुणासारखी?’ हे या वयाचं कामच आहे. आपले आई-वडील खरे नसावेत, खरे कुणी वेगळेच असतील, ही कल्पना मुलांच्या मनात येते हे सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ मध्येच नोंदवलं होतं. पौगंडावस्थेतल्या ‘ओळखीच्या पेचा’ची संकल्पना मांडणारे एरिक एरिक्सन तर स्वतः या अनुभवातून गेले होते. त्यांचा जन्म १९०२ चा. आईने डॉ. होम्बर्गर यांच्याशी लग्न केलं आणि हेच तुझे जन्मदाते, असं मुलाला सांगितलं गेलं. ज्यू घरातला हा मुलगा उंच, सोनेरी केसांचा आणि निळ्या डोळ्यांचा होता. प्रार्थनामंदिरातली मुलं त्याला परका ठरवून चिडवायची. खरे वडील कोण, हे एरिक्सन यांना आयुष्यभर नक्की कळलं नाही. पुढे त्यांनी याच वयाच्या मुलामुलींच्या मनाचा अभ्यास केला आणि तो आजही जगभर शिकवला जातो.

चौदा वर्षांच्या मुलीने आईला ‘मी तुमचीच ना?’ असं विचारलं, तर त्यात आईवरचा अविश्वास शोधू नये. ज्या माणसाकडून खरं उत्तर मिळेल असं वाटतं, त्यालाच हा प्रश्न विचारला जातो.

गैरसमज : दत्तक मुलगी कितीही लाडकी असली, तरी हक्काने ‘आपली’ नसते.

वस्तुस्थिती : हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा १९५६ चा आहे. त्यातल्या कलम १२ नुसार दत्तक झाल्या दिवसापासून मूल सर्व बाबतींत दत्तक पालकांचं मानलं जातं आणि कलम १५ नुसार वैध दत्तक रद्द करता येत नाही. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ६३ वारसाहक्कासह सर्व बाबतींत त्या मुलाला पोटच्या मुलाचाच दर्जा देतं. बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच, याआधीचा बाल न्याय कायदा लागू असताना सांगितलं होतं. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मूल पाच वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल, तर दत्तक जाण्यासाठी त्याची स्वतःची संमती घ्यावी लागते.

महाराष्ट्राचा इतिहासही दत्तक मुलांनी घडवला आहे. बडोद्याचे सयाजीराव १८७५ मध्ये बाराव्या वर्षी दत्तक गेले आणि शाहू महाराज १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले.

पण पुण्याने पाहिलेला सर्वांत बोलका प्रसंग फुल्यांच्या घरातला आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत. १८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याला वारस नेमलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला, दत्तक मुलाचा हक्क त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि त्यांनी टिटवं हातात घेतलं. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने पुण्याबाहेर दवाखाना थाटला आणि सावित्रीबाई तिथे रुग्ण आणू लागल्या. त्याच सेवेत प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ ला त्यांचं निधन झालं. ज्याला भाऊबंद परका म्हणत होते, तोच मुलगा अखेरपर्यंत आईच्या कामात तिच्याबरोबर होता.

गैरसमज : दत्तक असल्याचं मुलीला सांगू नये, सांगायचंच तर मोठी झाल्यावर.

वस्तुस्थिती : लपवलेली गोष्ट लग्नकार्यात, भांडणात किंवा कपाटातल्या कागदांतून बाहेर येतेच. मग मुलीला दत्तक असण्यापेक्षा वर्षानुवर्षं खोटं ऐकल्याचा धक्का जास्त बसतो. म्हणून दत्तक क्षेत्रातले समुपदेशक पालकांना लहानपणापासून सांगायचा सल्ला देतात. तीन-चार वर्षांच्या मुलीला गोष्टीतून सांगावं, सातव्या-आठव्या वर्षी तिच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी तोच विषय पुन्हा, अधिक खोलात निघेल हे गृहीत धरावं. एकदा सांगितलं की काम झालं, असं होत नाही.

गैरसमज : मुलगी मूळ शोधू लागली, म्हणजे तिला हे आई-बाबा नकोसे झाले.

वस्तुस्थिती : लिसा स्थळेकरचं उदाहरण पुण्याचंच आहे. तिचा जन्म १३ ऑगस्ट १९७९ चा. ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘सोफोश’ संस्थेच्या ‘श्रीवत्स’ केंद्रातून हरेन आणि स्यू स्थळेकर यांनी तिला अवघ्या काही आठवड्यांची असताना दत्तक घेतलं. ती ऑस्ट्रेलियात वाढली आणि देशाच्या संघाची कर्णधार झाली. एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा आणि शंभर बळी असा पल्ला गाठणारी ती पहिली महिला. २०१३ चा विश्वचषक मुंबईत जिंकल्यावर तिने निवृत्ती घेतली. २०१२ मध्ये ती ‘श्रीवत्स’ला आवर्जून भेट देऊन आली होती. स्थळेकर हे आडनाव आणि पुण्यातला तो पाळणा या दोन्ही गोष्टी तिच्या आयुष्यात एकत्र नांदल्या आहेत.

भारतातल्या दत्तक नियमांनीही हा हक्क मानला आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला स्वतः अर्ज करून आपल्या मुळाची माहिती मागता येते. त्याहून लहान वयात पालकांच्या सोबतीने अर्ज करता येतो. जन्मदात्या आईने गोपनीयता मागितली असेल, तर तिची ओळख तिच्या संमतीशिवाय दिली जात नाही. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, याची रीतसर प्रक्रिया ठरवून देतं.

एक विनंती थोरामोठ्यांना. घरात दहा-बारा वर्षांपुढचं मूल असेल, तर बोहारणीची आणि मंडईची गंमत आता बंद करावी. त्याने विचारलंच, तर हसून विषय बदलू नये. जन्माची हकीकत, बारशाचे फोटो का नाहीत त्याचं खरं कारण, दत्तक असेल तर त्या दिवसाची सगळी आठवण, हे बसून सांगावं. आणि जी मुलगी हा प्रश्न मनात घेऊन फिरते आहे, तिने तो आई, बाबा, मावशी, आत्या यांच्यापैकी ज्याच्यावर भरवसा आहे त्याला सरळ विचारावा. घरात बोलणं जमतच नसेल, तर मुलांसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक विनाशुल्क आहेत.