असं का होतं? : व्यायामाने घडणारं, दाबाने थकणारं हृदय

कोरेगावजवळचा जरंडेश्वराचा डोंगर चढू लागलं की छाती धडधडते. रोज चढणाऱ्याची मात्र तेवढी धडधडत नाही. असं का होतं?

हृदय हा स्नायूच. तालमीत पैलवानाचे दंड भरतात, तसं काम वाढलं की हृदयही भरतं. व्यायामाचा ताण थोडा वेळ असतो, मग विसावा मिळतो. त्यामुळे हृदयाचा कप्पा ऐसपैस होतो, भिंत बेताने जाड होते आणि एका ठोक्यात जास्त रक्त पुढे जातं. उच्च रक्तदाबात हृदयाला विसावाच नसतो. भिंत जाड आणि ताठ होते, तिच्यात चिवट तंतू साचतात आणि अखेर हृदय थकतं.

हे कळलं ते प्राण्यांमुळे. १९६३ मध्ये जपानच्या ओकामोतो आणि आओकी यांनी आनुवंशिक उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांची जात तयार केली. दाब वाढत जाताना हृदय कसं बदलतं, हे त्यांच्यात टप्प्याटप्प्याने पाहता आलं. झेब्राफिश हा इवलासा मासा तर हृदयाचा कापलेला तुकडा साधारण दोन महिन्यांत पुन्हा वाढवतो, हे २००२ मध्ये दिसलं. माणसाच्या हृदयावर मात्र झटक्यानंतर व्रणच उरतो. माशाला हे कसं जमतं, याचा शोध पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही घेतला जातो.

रक्तदाब अनेकदा कोणतंही लक्षण न दाखवता वाढतो. म्हणून तिशीनंतर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन तो जरूर मोजून घ्या.